चित्राखाली चित्रकाराचं नाव तरी टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत वॉटर्लूच्या लढाईवर, म्हणजे ब्रिटिश आणि त्यांच्या मित्रांनी नेपोलियनच्या फ्रेंच फौजेला हरवलं त्या लढाईवर, लेख आला होता, लेख चांगला होता, लेखकाने अभ्यास केलेला दिसतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते लेखाच्या वर अर्धं पान अडवून छापलेल्या चित्राबद्दल. लाल कोट, डोक्यावर उंच केसाळ टोप्या, उपसलेल्या तलवारी, पांढरे घोडे थेट आपल्या अंगावर येतायत, आणि खाली ओळ काय तर "वॉटर्लूच्या रणांगणावर शत्रूवर तुटून पडलेलं ब्रिटिश घोडदळ". बस्स. कुणी काढलं, कधी काढलं, मूळ चित्र कुठे असतं, काही म्हणजे काही नाही. जणू त्या दिवशी तिथे कुणीतरी मोबाईल घेऊन उभा होता आणि त्याने फोटो काढून तुम्हाला पाठवला.

ते 'स्कॉटलंड फॉरेव्हर!' नावाचं तैलचित्र आहे. १८८१ सालचं. काढणारी बाई आहे, एलिझाबेथ थॉम्पसन, लग्नानंतर लेडी बटलर. लढाई झाली १८ जून १८१५ ला आणि ही बाई जन्मली १८४६ ला. म्हणजे चित्र काढलं तेव्हा लढाई होऊन ६६ वर्षं झाली होती, तिने ती बघितली असण्याचा प्रश्नच नाही, आणि तीच काय तिने आयुष्यात कुठलीच लढाई प्रत्यक्ष बघितली नव्हती. आज कुणी तरुण चित्रकाराने १९६२ च्या युद्धाचं चित्र काढलं तर आपण त्याखाली "१९६२ चं युद्ध" एवढंच लिहून मोकळे होऊ का? नाही ना होणार, मग हिच्या बाबतीत का होतो?

मूळ चित्र लीड्सच्या आर्ट गॅलरीत आहे. मुलगी त्या बाजूला राहते म्हणून माझं तिकडे जाणं होतं, गॅलरीला तिकीट नाही, पाऊस आला की शिरायला बरी जागा. चित्र वाटतं तेवढं अवाढव्य नाही, सव्वातीन फूट उंच आणि साधारण साडेसहा फूट रुंद, पण समोर उभं राहिलं की माणूस नकळत एक पाऊल मागे सरकतो, मी सरकलेलो आहे आणि इतरांना सरकताना बघितलंय. १८८८ साली गॅलरी सुरू झाली त्याच वर्षी कर्नल हार्डिंग नावाच्या गृहस्थांनी ते शहराला दिलं.

आता आधी एक छोटी गोष्ट सांगून टाकतो, ती बोचतेय म्हणून. तुमच्याकडे ते चित्र उलटं छापलंय. उलटं म्हणजे वरचं खाली नव्हे, डावीचं उजवीकडे. मथळा डाव्या बाजूला बसवायचा असेल म्हणून पान लावणाऱ्याने आरशातल्यासारखं फिरवलं असावं. त्यामुळे झालंय काय की अख्ख्या रेजिमेंटच्या डाव्या हातात तलवार आणि उजव्या हातात लगाम. घोडदळात असं चालत नाही हो! तलवार उजव्याच हातात, माणूस डावखुरा असला तरी, नाहीतर ओळीत शेजारच्याचाच कान जायचा. ज्या बाईने सैनिकी पोशाखाचं बटणन् बटण तपासून चित्रं काढली तिच्या चित्राचं असं केलेलं बघून खरंच वाईट वाटलं.

मी जनावरांचा डॉक्टर, आता निवृत्त. नोकरीत गाई-म्हशीच जास्त बघितल्या पण काही वर्षं घोड्यांमध्येही गेली त्यामुळे माझी नजर आधी घोड्यांवर जाते, माणसांवर नंतर. आणि त्या नजरेने सांगतो, या चित्रातले घोडे बहुतेक बरोबर आहेत. नाकपुड्या बघा. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, आपल्यासारखं धापा टाकताना तोंड उघडून हवा आत घेणं त्याला जमतच नाही, त्याच्या घशाची रचनाच तशी, जी काही हवा जायची ती नाकातूनच. म्हणून जोरात पळणाऱ्या घोड्याची नाकपुडी एवढी मोठी होते की आतला लालसर भाग दिसतो. तिने तो दाखवलाय. तोंडं उघडी आहेत ती लगामाच्या ओढीने, श्वासासाठी नाही, तेही बरोबर. आणि रंग, सगळे घोडे एकसारखे पांढरेशुभ्र नाहीयेत, कुणी राखाडी, कुणाच्या अंगावर ठिपके, कुणी अगदी दुधासारखा. अशा घोड्यांचं शिंगरू जन्मतं गडद आणि वर्षं जातील तसं पांढरं होत जातं, त्यामुळे एका रेजिमेंटमध्ये असे सगळे टप्पे दिसणारच, ज्याने फक्त पुस्तकात बघून रंगवलं असतं त्याने सगळे एका डब्यातल्या रंगाने काढले असते.

कारण ती बघून आली होती. लढाई नाही, घोडे. नवरा सैन्यात अधिकारी, त्यामुळे ओळखी होत्या, आणि चित्रातली घोडदळाची रेजिमेंट, स्कॉट्स ग्रेज, तेव्हाही होतीच, तिने त्यांना सरावासाठी हल्ला करायला लावला आणि स्वतः समोर उभी राहून बघितलं, एकदा नाही दोनदा. म्हणून चित्रातली जागा अशी विलक्षण आहे. युद्धाच्या बहुतेक जुन्या चित्रांत आपण बाजूला कुठेतरी टेकडीवर असतो, डावीकडे एक सैन्य उजवीकडे दुसरं, मध्ये धूर. इथे शत्रू दिसतच नाही. फ्रेंच सैनिक एकही नाही. कारण फ्रेंच जिथे उभे होते तिथे आपण उभे आहोत.

समोरून बघण्याचा अजून एक फायदा तिला झाला असं मला वाटतं. चौखूर पळणाऱ्या घोड्याचे पाय नेमके कसे पडतात हे तोपर्यंत कुणालाच नीट माहीत नव्हतं. शेकडो वर्षं चित्रकार पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले आणि मागचे दोन्ही मागे ताणलेले असा घोडा काढत आले, जेरिको या फ्रेंच चित्रकाराचं एप्सम डर्बी या घोड्यांच्या शर्यतीचं १८२१ चं चित्र तसंच आहे, आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांतही तोच उडता घोडा. मग १८७८ ला कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले आणि कळलं की चारही पाय हवेत असतात तेव्हा ते ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात. चित्रकारांची झोपच उडाली. मेसोनिए नावाचा फ्रेंच चित्रकार तर त्याच्याही आधीपासून, घोड्याची चाल समजावी म्हणून घराजवळ रूळ टाकून, त्यावरच्या गाडीत बसून शेजारून पळणारा घोडा बघायचा. लेडी बटलरचं चित्र आलं ते मायब्रिजच्या फोटोंनंतर तीन वर्षांनी. तिने घोडे समोरून काढले, पाय अर्धे एकमेकांआड, अर्धे धुळीत. मुद्दाम केलं का ते तीच जाणे, पण चाल हुशारीची होती.

तर मग चूक काय? चूक चित्राची नाही, तुमच्या ओळीची आहे. "वॉटर्लूच्या रणांगणावर" असं लिहिलंत की वाचणारा समजतो की तिथे असं झालं. तिथे असं झालं नाही. आदल्या रात्रभर पाऊस पडला होता, जमीन चिखल, त्यात उंच वाढलेलं राय नावाचं पीक तुडवून लगदा झालेला. ग्रेज टेकाडाच्या मागच्या उतारावर होते, समोर रस्ता, रस्त्याला कुंपण, कुंपणापाशी स्वतःचंच पायदळ. द एर्लाँ या फ्रेंच सेनानीचं पायदळ चढण चढून जवळपास माथ्यावर येऊन पोचलेलं. म्हणजे घोडेस्वारांना आधी आपल्याच गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पायदळाच्या रांगांतून वाट काढत जायचं होतं, आणि त्यातून बाहेर पडले की हाताच्या अंतरावर फ्रेंच. चौखूर उधळायला जागाच कुठे होती? गेले ते चालत, फार तर दुडक्या चालीने, जिथे वाट मिळाली तिथून. हायलँडर्सनी रिकिबींना लटकून "स्कॉटलंड फॉरेव्हर" अशी आरोळी दिली अशी दंतकथा आहे, चित्राचं नाव त्यावरून. आता रिकिबीला माणूस लटकलाय म्हणजे घोडा किती वेगात असेल याचा विचार तुम्हीच करा.

आणि तरीही तो हल्ला जबरदस्त यशस्वी झाला, हेही सांगायला पाहिजे नाहीतर माझंही एकांगी होईल. फ्रेंच पायदळ मोडलं, हजारोंनी कैदी झाले, दोन रेजिमेंटची निशाणं म्हणजे ते सोनेरी गरुड हिसकावले गेले, त्यातलं ४५ व्या रेजिमेंटचं ग्रेजच्या सार्जंट युअर्टने. तो गरुड अजून एडिंबराच्या किल्ल्यात ठेवलाय. ब्रिटिशांचा सेनापती वेलिंग्टन, त्याची डावी बाजू त्या पंधरावीस मिनिटांत वाचली. तिथेच थांबले असते तर.

थांबले नाहीत. उतार लागला, समोर पळणारे लोक, आणि आता मात्र घोडे खरंच सुटले. खाली दरी, पलीकडे चढ, चढावर नेपोलियनच्या ऐंशीएक तोफांची रांग, तिथपर्यंत गेले आणि तोफांवरची माणसं कापायला लागले. ग्रेजनी जवळजवळ वीस वर्षांत एकही खरी लढाई बघितली नव्हती, स्पेनच्या सगळ्या मोहिमा हुकलेल्या, त्यामुळे परत फिरा, रांगा लावा, हे सांगणारं कुणी नव्हतं आणि सांगितलं तरी ऐकणारं नव्हतं. खुद्द घोडदळाचा प्रमुख अक्सब्रिज स्वतः पहिल्या रांगेबरोबर गेला, मागे राखीव सांभाळायला थांबला नाही, याची खंत त्याने नंतर बोलून दाखवलीय.

आता इथे माझा विषय येतो, थोडं सहन करा. घोडा चौखूर पळतो तेव्हा त्याचा श्वास टापांशी जोडलेला असतो, एक टप्पा एक श्वास, त्याला मनात येईल तेव्हा जास्तीचा श्वास घेता येत नाही. नुसता उभा असतो तेव्हा त्याचं हृदय मिनिटाला तीसचाळीस ठोके देतं, पूर्ण वेगात दोनशेच्या वर जातं. पाठीवर स्वार, खोगीर, सामान मिळून शंभराच्या बऱ्याच वर किलो. खाली ओला चिखल, ज्यातून प्रत्येक खूर उपसून काढायचा. अशा स्थितीत अर्धा-पाऊण किलोमीटर उतरून वर चढल्यावर घोड्याच्या अंगात काही उरत नाही, त्याला उभं करून, खोगीर सैल करून, हळूहळू फिरवून श्वासावर आणायचं असतं आणि त्याला बराच वेळ लागतो. तो वेळ कोण देणार. बाजूने ताज्या घोड्यांवरचे फ्रेंच भालेवाले आले. ब्रिटिशांकडे तेव्हा भालाईत घोडदळच नव्हतं, ते त्यांनी वॉटर्लूनंतर हा धडा घेऊन सुरू केलं. दमलेला घोडा, वर तलवार, चिखलातून चढ चढून परत जायचंय आणि मागे लांब भाला. काय झालं असेल ते सांगायला नको. ब्रिगेडचा प्रमुख पॉन्सनबी मारला गेला, ग्रेजचा प्रमुख हॅमिल्टन मारला गेला. त्या एका दिवसात ग्रेजची सुमारे चारशेतली मेलेली आणि जखमी मिळून दोनशेच्या आसपास माणसं गेली, आणि घोडे दोनशेहून जास्त. संध्याकाळपर्यंत रेजिमेंट म्हणावी असं फार काही उरलं नव्हतं.

तुमच्या लेखात हे सगळं आलेलं नाही असं नाही, दोन वाक्यांत आलंय, शेवटच्या कॉलममध्ये. पण वाचक लेख किती वाचतो आणि चित्र किती बघतो हे मी तुम्हाला सांगायला नको. अर्धं पान भरून उधळलेले घोडे आणि खाली "तुटून पडलेलं घोडदळ", लक्षात तेच राहतं. शेजारच्या मुलाने ते पान कापून स्वतःच्या खोलीत लावलंय, यूपीएससीचा अभ्यास करतो, म्हणतो काका मोटिव्हेशन मिळतं. मी म्हटलं अरे बाबा यांना वेळेवर थांबता आलं नाही म्हणून मेले, तू यातून कसलं मोटिव्हेशन घेतोस. हसला. पान अजून भिंतीवर आहे.

वेलिंग्टनला स्वतःला हे घोडदळाचं दुखणं चांगलं माहीत होतं. १८१२ ला स्पेनमध्ये असंच एकदा त्याचे घोडेस्वार जिंकलेल्या हल्ल्यानंतर पाठलागात उधळले आणि मार खाऊन परत आले तेव्हा त्याने वैतागून पत्र लिहिलं होतं की आमच्या अधिकाऱ्यांना दिसेल त्या गोष्टीवर घोडे फेकायची खोड लागलीय, ना समोर काय आहे बघतात ना मागे राखीव ठेवतात. आणि त्याच्याही आधी आपल्याकडे. लेखात याचा उल्लेख पाहिजे होता असं माझं मत, कारण मराठी वाचकाला वॉटर्लूशी जोडणारा हाच खरा धागा आहे. २३ सप्टेंबर १८०३, असई, आत्ताच्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ. समोर शिंदे-भोसल्यांच्या फौजा, आणि वेलिंग्टन तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली. त्या दिवशी त्याच्याखालचा एक घोडा गोळी लागून मेला आणि दुसऱ्याला भाला लागला. त्याचं घोडदळ कर्नल मॅक्सवेलच्या हाताखाली, पहिला हल्ला बरोबर वेळेवर झाला, गावाजवळ मार खात असलेली ७४ वी हायलँडर्स ही पायदळ रेजिमेंट त्यामुळे वाचली. मग तेच घोडदळ पाठलाग करत जुई नदीपलीकडे गेलं. नंतर शिंद्यांचं उरलेलं पायदळ परत रांगा लावून उभं राहिलं तेव्हा सकाळपासून चालून, पळून आलेल्या त्याच घोड्यांवरून मॅक्सवेलला दुसऱ्यांदा जावं लागलं, तो हल्ला पोचलाच नाही, मॅक्सवेल तिथे पडला. वेलस्लीच्या बाजूचे मेलेले-जखमी दीड हजारावर गेले. म्हातारपणी त्याला विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती तर तो वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला. आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात असई एका ओळीत उरकतात, असो, तो वेगळा विषय.

परत चित्राकडे. या बाईचं नाव छापणं मला एवढं महत्त्वाचं का वाटतं तर तिची बाकीची चित्रं बघितली की हे चित्र वेगळंच दिसायला लागतं. ती प्रसिद्ध झाली १८७४ ला, 'रोल कॉल' नावाच्या चित्राने. क्रिमियाच्या युद्धातलं, चकमकीनंतर बर्फात उरलेल्या सैनिकांची हजेरी चाललीय, कुणी उभ्याउभ्या कोसळलाय, समोर घोड्यावर अधिकारी. हल्ला नाही, विजय नाही, हजेरी. रॉयल अकॅडमी या लंडनच्या चित्रकारांच्या संस्थेच्या प्रदर्शनात एवढी गर्दी झाली की चित्राजवळ पोलीस उभा करावा लागला, आणि शेवटी ते राणी व्हिक्टोरियाने घेतलं. गंमत म्हणजे त्यातल्या घोड्याची चाल बरोबर आहे की चूक यावर तेव्हा लोकांनी जोरात वाद घातला होता, म्हणजे माझ्यासारखे खोडसाळ वाचक तेव्हाही होतेच. १८७६ ला 'बालाक्लाव्हा', तिथल्या त्या नावाजलेल्या घोडदळाच्या हल्ल्याचं, पण हल्ला संपल्यावरचं, परत आलेला स्वार नुसता शून्यात बघत चाललाय. १८७९ ला 'रेम्नंट्स ऑफ ॲन आर्मी', पहिल्या अफगाण युद्धात काबूलहून निघालेल्या फौजेतला डॉक्टर ब्रायडन १३ जानेवारी १८४२ ला जलालाबादला पोचतोय, एकटा, आणि त्याच्याखालचा घोडा. तो घोडा बघा कधी, नेटवर सहज मिळेल. मान खाली, पाय फाकलेले, पुढच्या क्षणाला बसणार. मी माझ्या नोकरीत असं जनावर बघितलंय, त्याला औषध नसतं.

म्हणजे जी बाई लढाईनंतरचं काढण्यासाठी नावाजली तिने इथे हल्ला ऐन भरात असताना काढला. का? तर म्हणे ती लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत गेली होती, तिथे तेव्हाच्या फॅशनची ती मलूल, सुस्त, सुंदर माणसांची चित्रं बघून तिचं डोकं फिरलं आणि घरी येऊन तिने हे चित्र सुरू केलं. हे तिनेच लिहून ठेवलंय. म्हणजे तुमच्या पानावरचं ते वॉटर्लू अर्धं वॉटर्लू आहे आणि अर्धं लंडनच्या चित्रकारांचं आपापसातलं भांडण. मला स्वतःला ते तिचं सगळ्यात चांगलं चित्र वाटत नाही, 'बालाक्लाव्हा'तला तो माणूस जास्त मोठा आहे, पण भिंतीवर लावायला लोक हेच निवडणार.

तिची मेहनतही सांगितली पाहिजे. १८७५ च्या 'क्वात्र ब्रा'च्या चित्रासाठी, म्हणजे वॉटर्लूच्या दोन दिवस आधीची लढाई, तिने रायचं शेत शोधून मुलांना घेऊन ते तुडवून घेतलं, तुडवलेलं पीक कसं दिसतं ते बघायला. सैनिकांचा खरा चौकोन उभा करून बार काढायला लावले, धूर बघायला. रस्किनसारखा मोठा टीकाकार, बाईला चित्र काढता येत नाही असं आधी धरून बसलेला, त्याने ते बघून जाहीरपणे शब्द मागे घेतले. तरी १८७९ ला रॉयल अकॅडमीच्या निवडणुकीत ती दोन मतांनी पडली, आणि त्यानंतर एका बाईला तिथे निवडून यायला १९२२ उजाडलं. तर एवढं सगळं सोसून झालेल्या बाईचं नाव आपण २०० वर्षांपूर्वीच्या लढाईच्या लेखात गाळतो, त्यात जनरलची नावं मात्र सगळी शुद्धलेखनासकट.

आणि नाव गाळलं की चित्र कुणाचंही होतं. हे मी उगाच म्हणत नाहीये. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हे चित्र प्रचाराला वापरलं ते ठीक, त्यांचंच होतं, पण जर्मनांनीही वापरलं, गणवेश बदलून, आपलं घोडदळ म्हणून! घोडे तेच, झेप तीच. दोन्हीकडची पोरं तेच घोडे बघत खंदकात गेली, जिथे मशिनगनसमोर घोड्याचा काही उपयोग नव्हता.

आपल्याकडेही चुकीच्या चित्राची किंमत आपण मोजलेली आहे. शिवाजी महाराजांचं म्हणून भलत्याच माणसाचं चित्र वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलं जात होतं, वा. सी. बेंद्रे यांनी शोध घेऊन अस्सल चित्र समोर आणलं तेव्हा १९३३ साली ते थांबलं. तेवढं झाल्यावर तरी आपण शहाणं व्हायला हवं होतं. पण आजही कुठल्याही पेपरात पानिपतावर लेख आला की वर काहीतरी घोड्यांचं चित्र असतं, कधी युरोपातलं, कधी कुठल्या सिनेमाचं, हल्ली तर कॉम्प्युटरने बनवलेलं, ज्यात घोड्याला पाच पाय असले तरी कुणी मोजत नाही (मी मोजतो). भीमथडीच्या तट्टांवर महिनोन्महिने दौड करणारं मराठी घोडदळ आणि हे उंच, जड, गुडघ्याला गुडघा लावून एकदाच आदळायला शिकवलेले युरोपी घोडे, यांची लढायची पद्धतच निराळी. आपल्याकडे पळ काढून परत येणं हा डाव होता, त्यात लाज नव्हती. त्याच्या लेखावर यांचं चित्र लावलं की वाचणाऱ्या पोराच्या डोक्यात सगळं एकच होतं, घोडे, तलवारी, आरोळी.

माझी मागणी फार मोठी नाही. जुनं चित्र छापलंत तर त्याखाली चित्राचं नाव, कुणी काढलं, कोणत्या साली, आणि मूळ कुठे आहे एवढं टाका, आणि चित्र फिरवू नका. याच चित्राखाली असं चाललं असतं: "'स्कॉटलंड फॉरेव्हर!', तैलचित्र, एलिझाबेथ थॉम्पसन (लेडी बटलर), १८८१, लीड्स आर्ट गॅलरी." मोजून बघितलं, तुमच्या त्या "तुटून पडलेल्या" ओळीपेक्षा फार लांब नाही, टाईप एक पॉईंट बारीक केला तर एका ओळीत बसतं.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर कापा. कापायचं झालं तर रस्किन कापा, मायब्रिज कापा, शेजारचा मुलगा कापा, असई शक्यतो ठेवा.

आपला,
एक वाचक (निवृत्त पशुवैद्यक), सांगली